मागून पुस्तक उघडणाऱ्या बाई

परवा संस्थेतून फोन आला. "मॅडम, आमच्या स्मरणिकेसाठी जगदाळे बाईंवर एक छोटासा लेख द्या ना. तुम्ही त्यांच्या शेजारी. काही हृद्य आठवणी असतील. त्या केवढ्या ग्रंथप्रेमी होत्या, संस्थेशी त्यांचे किती स्नेहाचे संबंध होते, असं काहीतरी."

मी म्हटलं, "संबंध होते. स्नेहाचे नव्हते."

पलीकडून, "म्हणजे?"

"म्हणजे मी लिहीन ते छापणार असाल तर लिहिते."

छापणार नव्हते. म्हणून इथे लिहिते आहे.

तर आधी तो शब्द. जगदाळे बाई ग्रंथप्रेमी नव्हत्या. आयुष्यात त्यांनी एखादी कादंबरी पुरी केली असेल असं मला वाटत नाही. कवितेचं नाव काढलं की त्यांना जांभई यायची. त्यांना लागायची ती फक्त लहान मुलांची चित्रांची पुस्तकं. पातळ, मधोमध दोन पिना मारलेली, जाडसर कागदाचं वेष्टण असलेली. त्यातही पहिली आवृत्ती. आणि त्यावर त्यांचं प्रेम होतं असंही मी म्हणणार नाही. फौजदाराचं संशयितावर असतं तसं त्यांचं त्या पुस्तकांवर लक्ष होतं.

महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मी दुसऱ्या मजल्यावर, आणि तळमजल्यावर माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक. कित्येक वर्षं जिन्यात मान हलवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. ती भांडणाने झाली. माझ्या कपाटातल्या साडीला कसर लागली. वर पुस्तकांचं गोदाम आहे हे सगळ्या इमारतीला माहीत होतं, म्हणून मी तडक वर गेले.

"बाई, तुमच्या पुस्तकांची कसर माझ्या कपाटात उतरलीय."

दार अर्धंच उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझ्याकडे कसर नाही. डांबरगोळ्यांच्या वासाने माझ्याकडे माणसंसुद्धा येत नाहीत. तुमचं काय खाल्लं तिने?"

"साडी."

"कोणती?"

"लग्नातली."

"नेसता?"

"नाही."

"मग बरं वाटलं असेल तिला. कुणीतरी हात लावला."

आणि दार बंद. मी संतापून खाली आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली तर बाई दारात, हातात टॉर्च. न विचारता आत आल्या, कपाट उघडलं, साडी काढून उलटी केली, मागची बाजू पाहिली, मग कपाटाची मागची फळी ठोकली. "ओल आहे. भिंतीतून येतेय. तुमच्या बाथरूमची. उगाच माझ्या पुस्तकांवर आळ घेऊ नका." खरं होतं. प्लंबरला बोलावलं आणि तेव्हापासून मी त्यांच्याकडे जायला लागले.

कुठलीही वस्तू त्या मागून पाहायच्या. लग्नपत्रिका आली की नवरानवरीची नावं नंतर, आधी मागे छापखाना कुठला ते. भांडी घेताना बूड. पुस्तक हातात दिलं की ते पालथं करून मागून उघडायच्या. माझ्याकडे रुग्ण आला की मीही आधी पाठच बघते, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. पण पुस्तकाचं कारण त्यांनी एकदा नीट समजावून सांगितलं.

"पहिलं पान खोटं बोलतं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे प्रकाशक पुस्तक पुन्हा छापतो, पण 'आवृत्ती पहिली' ही ओळ तशीच ठेवतो. कोण बदलणार? मग हे बघ, मागचं वेष्टण. इथे किंमत. इथे छापखान्याचं नाव. आणि इथे 'आमची इतर बालपुस्तके' म्हणून यादी. आता या यादीत जर नंतर निघालेल्या पुस्तकाचं नाव असेल, तर हे आधी कसं छापलं गेलं असेल? सापडला चोर."

शिवाय ठसे. जुनी चित्रं धातूच्या ठशांवरून छापायचे. ठसा नवा असला की रेघ कापल्यासारखी येते, झिजला की बारीक रेघा आधी मरतात. भिंग माझ्या हातात देऊन त्या एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवायच्या. "बघ, पहिलीत मांजराला मिशा आहेत. दुसरीत गेल्या. पोरांना वाटतं मांजर आजारी आहे."

वेष्टण नसलेलं पुस्तक म्हणजे त्यांच्या लेखी डोकं नसलेलं प्रेत. कुणाचं आहे ते सांगता येत नाही.

मुलांनी पुस्तकांवर केलेल्या खुणा मात्र त्यांना चालायच्या. नुसत्या चालायच्या नाहीत, लागायच्या. एकदा खराडीहून आयटीतला एक संग्राहक आला. मीच त्याला वर घेऊन गेले होते, कारण तो माझ्याकडे मानेच्या दुखण्याला येत असे. बॅगेतून त्याने हातमोजे काढले. बाईंनी ते बघितले आणि हातातलं भिंग खाली ठेवलं, हे वाईट लक्षण होतं.

"काकू, कलेक्शन अमेझिंग आहे," तो म्हणाला. "पण यावर पेन्सिलने गिरवलंय. क्लीन कॉपी नाहीये का? मिंट कंडिशन? नाहीतर मी ना, एक स्पेशल इरेजर मिळतो, त्याने हे सगळं काढून देऊ शकतो."

"काय काढून देशील?"

"हे स्क्रिबलिंग."

"ते कुणी केलंय?"

"कुणीतरी लहान मुलाने."

"आणि पुस्तक कुणासाठी छापलं होतं?"

तो हसला. बाई हसल्या नाहीत. "ज्या चित्राच्या पुस्तकाला पोराचा हात लागला नाही ते पुस्तक दुकानातून कधी बाहेरच पडलं नाही. तुला तसलं हवं असेल तर दुकान बघ. आणि ते हातमोजे काढ, काय मी तुला ऑपरेशनला बोलावलंय?"

जिना उतरताना तो म्हणाला, "ॲटिट्यूड आहे काकूंना." त्याची मान पुढे बराच काळ दुखत राहिली. त्यात माझा हात नाही.

पण हे सगळं जमवायचं कशासाठी, हा प्रश्न मी त्यांना विचारला तेव्हा त्यांनी एक पुस्तक काढलं. 'गंगी म्हशीची आंघोळ'. ते आमच्या घरातही होतं, माझ्या मुलीने त्याची पानं चघळली होती. एक म्हैस डोहात शिरते आणि बाहेरच येत नाही, एवढीच गोष्ट. चित्रं मात्र अशी, की म्हैस पाण्यात जशी जशी बुडते तशी तिच्या डोळ्यातली सुस्ती आपल्या अंगात उतरते. पाठीवर बगळा, आणि त्याला आपण कुठे बसलोय याची पुरती लाज.

लहानपणी गावी बाईंकडे त्याची प्रत होती. वेष्टण फाटून गेलेली. ती म्हैस पाटीवर काढत काढत त्या चित्र काढायला शिकल्या. पुढे चित्रकलेच्या शिक्षिका झाल्या आणि वर्गात मुलांना तीच म्हैस काढायला लावायला लागल्या. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, ही चित्रं कुणी काढली?" बाईंना सांगता येईना. दुकानातून नवी प्रत आणली, तर तिच्यावर लेखकाचं नाव होतं, प्रकाशकाचं होतं, चित्रकाराचं नव्हतं. तिथून हा शोध सुरू झाला. बाकीची शेकडो पुस्तकं त्या शोधात वाटेत गोळा झालेली.

पहिल्या आवृत्तीची प्रत त्यांना निवृत्तीनंतर, एका बंद पडलेल्या बालवाडीच्या सामानात मिळाली. मागच्या वेष्टणावर, तळाशी, बारीक अक्षरात होतं: चित्रे – मालती सुर्वे. दुसऱ्या आवृत्तीत त्याच जागी दंतमंजनाची जाहिरात आलेली.

"एका बाईचं नाव पुसलं आणि तिथे दात घासले," बाई म्हणायच्या. दर वेळी त्याच रागाने, जणू आज सकाळी घडलं.

मालती सुर्वे कोण, याचा पत्ता त्यांना शेवटपर्यंत लागला नाही. त्यांच्या हातात फक्त नाव होतं. त्यांना एवढंच हवं होतं, की पुढच्या आवृत्तीवर ते नाव छापलं जावं आणि ते त्यांना डोळ्यांनी बघता यावं.

म्हणून आम्ही दोघी प्रकाशकाकडे गेलो. बाजीराव रस्त्याच्या आतल्या बोळात ऑफिस. मूळ प्रकाशकाचा नातू आता गादीवर. प्रत एकच, म्हणून बाईंनी ती घरी ठेवली होती आणि मी मोबाइलवर वेष्टणाचा फोटो काढून घेतला होता.

नातवाने चहा मागवला. "काकू, या पुस्तकाच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या. एकाही वाचकाने विचारलं नाही हो, चित्रं कुणाची."

"तुमचा वाचक पाच वर्षांचा असतो. त्याला विचारता येत नाही, म्हणून तर तुमचं फावलं."

मी फोटो दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. "हं. पण मॅडम, आजकाल मोबाइलवर काय, काहीही करता येतं. मी म्हणत नाही तुम्ही केलंय. पण उद्या कुणी हक्कबिक्क सांगत आलं तर? मूळ प्रत दाखवा. नवी आवृत्ती काढतोच आहोत दिवाळीनंतर. प्रत बघितली की नाव घालू. शब्द देतो."

बाहेर पडल्यावर बाईंनी मला अमृततुल्यात नेऊन दुसरा चहा पाजला. "पहिला त्याचा होता," त्या म्हणाल्या. त्यांना इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास आमची इमारत पुनर्विकासाला गेली. सगळ्यांना जागा रिकामी करायची होती. बाईंनी पेठ सोडायला साफ नकार दिला आणि स्पर्धा परीक्षेची मुलं राहतात तसल्या एका इमारतीत खोली घेतली. कॉट, टेबल आणि एक माणूस मावेल एवढी. पुस्तकं कुठे ठेवणार? तेव्हा ही संस्था पुढे आली. मोठं नाव, जुनं वाचनालय, बालविभागात काचेची कपाटं. पदाधिकारी घरी येऊन चहा पिऊन, "बाई, हे आमचं भाग्य" वगैरे बोलून गेले.

मी म्हटलं, "म्हैस तरी स्वतःजवळ ठेवा. दिवाळीनंतर लागणार आहे."

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या कॉटखाली ठेवलेली प्रत म्हणजे म्हातारीचा हट्ट. संस्थेच्या कपाटातली प्रत म्हणजे पुरावा. त्या नातवाला मी तिथे घेऊन जाणार आणि ग्रंथपालांसमोर दाखवणार. बघू मग काय म्हणतो."

हिशेब चुकीचा नव्हता. संस्था शहाणी असती तर बरोबर निघाला असता.

पदाधिकाऱ्यांना बाईंनी माझ्यासमोर सांगितलं होतं: "आहेत तशी ठेवा. काही करू नका." कार्याध्यक्ष हात जोडून म्हणाले होते, "बाई, काळजीच सोडा. जिवापाड जपू."

दिवाळीआधी संस्थेने बाईंचा सत्कार ठेवला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांच्या पाहुण्यांची ओळख. मग शाल, श्रीफळ. मग कार्याध्यक्ष म्हणाले, "आणि आता बाईंसाठी एक सुखद धक्का!" दोन कर्मचारी टेबल ढकलत आले. त्यावर मखमली कापड. ते ओढलं तर खाली ओळीने उभी पुस्तकं. सगळी लालसर तपकिरी रेक्झिनमध्ये बांधलेली, सगळी एका उंचीची, आणि प्रत्येकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरात 'जगदाळे संग्रह'.

टाळ्या झाल्या. बाई खुर्चीतून उठल्या, टेबलाजवळ गेल्या, एक पुस्तक उचललं आणि सवयीने पालथं करून मागून उघडलं.

मागे कोरा पांढरा कागद होता.

दुसरं उचललं. कोरा कागद. तिसरं. एका कपाटात नीट बसावीत म्हणून पुस्तकांच्या कडा यंत्रावर कापून सारख्या केल्या होत्या. बगळ्याचं डोकं गेलं होतं. फाटकी वेष्टणं काढून टाकली होती. आणि चोरी होऊ नये म्हणून चित्रा-चित्रावर जांभळ्या शाईचा संस्थेचा गोल शिक्का मारला होता. एक तर बरोब्बर गंगीच्या डोळ्यावर.

"आता शंभर वर्षं काही होणार नाही बघा," कार्याध्यक्ष माइकवरून म्हणाले. "उत्तमातलं उत्तम बाइंडिंग करून घेतलंय."

बाईंनी खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि ती गंगीच्या पुस्तकावर ठेवली. माइक त्यांच्या पुढ्यातच होता. "अंगावरचे कपडे उतरवून घेतलेत आणि वर शाल पांघरलीत," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि पायऱ्या उतरल्या. नारळ मात्र हातात होता. रिक्षात बसल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाल्या, "त्याची काय चूक?"

मी पुढे जे केलं ते कुणीही केलं असतं. बाइंडरकडे गेले. वेष्टणं रद्दीत गेली होती, रद्दी लगद्यात. त्याने संस्थेला विचारलं होतं, कव्हरं आत शिवू का. उत्तर आलं होतं, "छे हो, फाटकी आहेत, शोभा जाईल." मग कार्याध्यक्षांना भेटले. ते खरोखर दुखावलेले होते. याचाच मला अजून संताप येतो. वाईट माणसाशी भांडता येतं. हे गृहस्थ मला बाइंडिंगचं बिल दाखवत होते. "मॅडम, आम्ही काही कमी केलं का? मुलांच्या पुस्तकांसाठी कोण एवढं करतं?"

"तुम्हाला 'काही करू नका' म्हणून सांगितलं होतं."

"ते बाईंचा मोठेपणा. आपल्याला बरं दिसतं का तसं?"

प्रकाशकाच्या नातवाकडेही गेले. तो मनापासून हळहळला. "अरेरे. पण आता माझाही नाइलाज आहे ना मॅडम. मूळ प्रतच नाही म्हटल्यावर..." फोटो मी पुन्हा दाखवायला लागले तर त्याने हात वर केला. त्याला ते नाव खरं असल्याची खात्री होती, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्याला न छापण्याचं कारण हवं होतं आणि संस्थेने ते सोनेरी अक्षरात बांधून दिलं.

बाई रडल्या नाहीत. त्या पुन्हा पिशवी घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून फिरायला लागल्या, या वयात, गुडघ्यांचं मी सांगितलेलं काही न ऐकता. पहिल्या आवृत्तीची दुसरी प्रत मिळाली नाही. नवी आवृत्ती निघाली. गुळगुळीत कागद, भडक रंग. मागे बारकोड आणि प्रकाशकांच्या आजोबांच्या द्रष्टेपणाबद्दल चार ओळी. चित्रकाराचं नाव कुठेही नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाई गेल्या. संस्थेने शोकसभा घेतली, तिला मी गेले नाही. मी त्यांना शेवटचं धड पाहिलं ते त्याआधी, पुस्तक प्रदर्शनात. मला म्हणाल्या होत्या, "वैशाली, संध्याकाळी मोकळी आहेस का? जरा आडोशाला माणूस पाहिजे." मला वाटलं गर्दीत धक्का लागू नये म्हणून.

प्रकाशकाच्या स्टॉलवर 'गंगी म्हशीची आंघोळ'ची थप्पी होती. बाईंनी मला गल्ल्याच्या आणि त्यांच्या मध्ये उभं केलं. पर्समधून काळ्या शाईचं पेन काढलं. वरची प्रत घेतली, पालथी केली, आणि बारकोडच्या वर, जिथे थोडी जागा होती तिथे, वर्गातल्या फळ्यावर काढायच्या तसल्या वळणदार, मोजून घेतल्यासारख्या अक्षरांत लिहिलं: चित्रे – मालती सुर्वे. प्रत बाजूला ठेवली. दुसरी घेतली. पुस्तकाला शिक्का लागला म्हणून जिने शाल उतरवली होती, ती बाई नव्याकोऱ्या पुस्तकांवर शाईने लिहीत होती.

स्टॉलवरच्या मुलीच्या लक्षात आलं. "आजी! काय करताय? पुस्तकं खराब होतायत!"

"खराबच होती. नीट करतेय."

एका आईने लिहिलेली प्रत उचलली, मागे पाहिलं. "या कोण?"

"चित्रं यांची," बाई म्हणाल्या, आणि पुढची प्रत पालथी केली.

मुलीने हाक मारली असावी, कारण आतून नातू तावातावाने आला. "काकू, हे काय चाललंय? थांबवा! द्या ते इकडे!" मी जरा रुंद उभी राहिले. त्याने माझ्या खांद्यावरून हात लांबवला. बाईंनी मान वर केली नाही. पुस्तकावर हळूच फुंकर घातली.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. "शाई ओली आहे."